ऊस, डुकरं आणि निशाणा: परवडणारी, नेमकी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कोणती घ्यावी?

ऊसवाला_खानापूर
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमची शेती. ऊस, भात, कडेला थोडी काजू. चुलत्यांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या नावावर इशापूरच्या सरकारी कारखान्याची जुनी .३१५ रायफल आहे (हा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात), "ती तुझ्या नावावर करून घे" असा त्यांचा लकडा चाललाय. मला एनसीसीत .२२ चालवल्यापासून निशाणेबाजीची हौस आहे. तेव्हा एखादी परवडणारी, नेमकी बोल्ट-अ‍ॅक्शन (बोल्ट म्हणजे मागचा दांडा हातानं मागंपुढं करून एकेक गोळी भरायची रायफल) घेऊन रेंजवर सराव करावा असं डोक्यात आहे. शिवाय डुकरांनी यंदाही उसाची वाट लावली आहे, म्हणजे एकाच रायफलीत दोन्ही कामं झाली तर बरंच.
.३१५ घ्यावी, नवी .२२ घ्यावी, की ऑर्डनन्सची (सरकारी शस्त्र कारखान्यांची) .३०-०६ बघावी? ज्यांनी हाताळल्यात त्यांनी लिहा. यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, तिथल्या निम्म्या रायफली इथं मिळतच नाहीत.

कुंदाप्रेमी
रायफल परवडेल हो, कारखान्याचं बिल कधी जमा होतंय ते आधी सांगा.

वकीलीणबाई
ऊसवाला, प्रश्नाचा क्रम उलटा झालाय. आपल्याकडे आधी कारण, मग परवाना, मग हत्यार.
शिकार हे कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं संपवलं. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची. परवाना खिशात आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. हे दोन वेगवेगळे कागद आहेत आणि लोक इथंच अडकतात.
आता १९५९ चा शस्त्र कायदा. कलम १३ नीट वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी .२२ किंवा एअर रायफल, यांना परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. .३१५ किंवा .३०-०६ मागाल तर "हीच का हवी" याचं समाधानकारक कारण तुम्हाला द्यावं लागेल.
चुलत्यांची गोष्ट वेगळी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयातीतच वारसाकडे देण्यासाठी अर्ज करू शकतो. तुम्ही पुतणे, म्हणजे त्यांच्या मुलामुलींची नाहरकत आधी घ्या. घरात भांडण आणि बंदूक एकत्र नको.

जांबोटी_घाट
आमच्या आज्जाकडं ठासणीची हुती. दारू ठासायची, वरनं छर्रे, आणि बार काढला की अख्खं गाव जागं. आता डुकरं परसात येऊलालीत खरं बार काढायची सोय नाही. वकीलबाई म्हणतात ती परवानगी मिळेपर्यंत ऊस खोडव्यासकट संपतो. कायदा लिहिणाऱ्यानं एक रात्र आमच्या माळ्यावर काढावी.

सुभेदार_निवृत्त
जांबोटीकरांचं दुःख खरं आहे, पण ऊसवाल्यांचा मूळ प्रश्न नेमकेपणाचा आहे, त्यावर बोलतो.
.३१५ ही इंग्रजांच्या काळातली तडजोड. .३०३ हा फौजेचा बोअर, तो नागरिकांना बंद. म्हणून लोकांसाठी ८ मिलिमीटरचं वेगळं काडतूस चालवलं आणि रायफल मात्र जवळजवळ ली-एनफिल्डच्याच घडणीची राहिली. बोल्ट झपकन चालतो, मॅगझिन ५ गोळ्यांचं, चिखलातही अडत नाही. जड, मऊ टोकाची गोळी, वेग मध्यम. जवळच्या मोठ्या जनावरासाठी बनवलेली चीज आहे ती. उघड्या साईटवर, म्हणजे दुर्बिणीशिवाय, १०० यार्डांवर तळहाताएवढा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आला तर रायफल चांगली समजा. कागदावर एका भोकात गोळ्या घालायच्या असतील तर ती त्या कामाची नाही. आणि धक्का असा देते की दहा-पंधरा गोळ्यांनंतर नवखा माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. एकदा ती खोड लागली की .२२ वरसुद्धा सुटत नाही.
.३०-०६ गोळी म्हणून .३१५ पेक्षा कितीतरी सरस. पण तुम्ही ती वाजवणार कुठं?
माझं मत: शिकायचं तर .२२. गोळी स्वस्त, धक्का नाही, आवाज कमी, आणि चूक लगेच कागदावर दिसते.

टिळकवाडीकर
सुभेदारसाहेबांना अनुमोदन. एक भर घालतो. जुनी ब्रनो (झेक कंपनीची) .२२ कुणी विकत असेल तर डोळे झाकून घ्या असं सगळे म्हणतात. मी म्हणतो डोळे उघडून घ्या. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून जुन्या विदेशी रायफलींच्या किमती नावावर चालतात. नळीचं तोंड झिजलेलं, आत गंजाचे खड्डे, आणि वर "साहेब, झेक माल आहे" म्हणून भाव. बोल्ट काढा, मागून उजेड दाखवा आणि नळीतून बघा. आटे (नळीतल्या पिळदार खाचा) कडक आणि चकचकीत दिसले पाहिजेत. आटे धूसर दिसले तर नाव कितीही मोठं असू दे, परत द्या.

कुंदाप्रेमी
हेच सगळं आमच्या आत्यानं मुलगा बघताना केलं होतं. उजेड दाखवला, आतून बघितलं, आणि तरी झेक माल निघाला नाही.

सिडनीतला_शहापूरकर
शहापूरचा, सध्या ऑस्ट्रेलियात. इथं रानडुक्कर मूळचं नाही, उपद्रवी म्हणून मारायला मुभा आहे आणि शेतकरी स्वतः बोलावतात. परवाना मात्र इथंही सोपा नाही. "खरं कारण" दाखवावं लागतं; .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन 'ए' वर्गात, मोठ्या काडतुसाच्या बोल्ट-अ‍ॅक्शन 'बी' वर्गात.
ऊसवाल्यांनी व्हिडिओंचा उल्लेख केला म्हणून सांगतो. परवडणाऱ्या वर्गात सॅव्हेज अ‍ॅक्सिस आणि रुगर अमेरिकन या दोन सगळ्यात चालतात. दस्ता (खांद्याला लावायचा, नळी धरून ठेवणारा भाग) प्लॅस्टिकचा, हाताला पोकळ लागतो, पण नळी दस्त्याला कुठं टेकत नाही आणि गोळ्या एकाच जागी जातात. थोडे जास्त पैसे असतील तर जपानची होवा १५०० किंवा फिनलंडची टिक्का टी३एक्स. टिक्काचा बोल्ट एकदा चालवला की बाकीचे खरखरीत वाटतात. .२२ मध्ये सीझेड ४५७. ब्रनोचीच पुढची पिढी समजा.
लोक विचारतात "एक मिनिटाची रायफल आहे का", म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंचात गोळ्या बसतात का. आजची स्वस्त रायफलही ते करते, अट एकच: तिला आवडणारी गोळी सापडली पाहिजे. मी माझ्या .२२३ ला पाच कंपन्यांच्या गोळ्या चारल्या. एकीनं तीन इंच पसरवल्या, दुसरीनं इंचाच्या आत. रायफल तीच, खांदा तोच. बजेटचा निम्मा भाग दुर्बिणीला आणि गोळ्यांना ठेवा.

टिळकवाडीकर
शहापूरकर, इथंच मेख आहे. आपल्याकडे .३१५ ला बाजारात मिळतं ते बहुतेक खडकीच्या सरकारी कारखान्याचं 'केएफ' छापाचं काडतूस. आवडलं तर आवडलं. रायफलीच्या आवडीनिवडीचा प्रश्नच मिटला. आणि तिकडची सगळ्यात लोकप्रिय .३०८ म्हणजे आपल्या लेखी ७.६२ मिलिमीटर, प्रतिबंधित बोअर. ती नागरिकाला नाही.

हलशीकर
कोडगूला जावा आणि कोडवांशी सोयरीक करा. त्यांना इंग्रजांच्या काळापासून लायसन्समधून सूट आहे, केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली. हुंड्यात बंदूक.

वकीलीणबाई
हुंडाही बेकायदा आहे. आणि ती सूट कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरेनं आलेल्या) जमीनधारकांना आहे, जावयांना नाही.

हलशीकर
मेलो.

नेमबाज_आई
माझी मुलगी एअर रायफल मारते म्हणून थोडं लिहिते. आम्ही निपाणीचे. कोल्हापूर जवळ पडतं, सुट्टीत तिकडं सराव होतो. ज्या जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर प्रोनमध्ये (आडवं पडून नेम) जगज्जेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, तिथल्या रेंजवर पोरांना उभं राहायला मिळतं हीच मोठी गोष्ट. त्या ५० मीटरच्या स्पर्धा .२२ वरच होतात, आणि वापरतात ती बोल्ट-अ‍ॅक्शनच. तेव्हा ऊसवाल्यांची आवड योग्य वाटेवर आहे.
पण सुरुवात .२२ ने करू नका, १० मीटर एअर रायफलने करा. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. १० मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो दिसायला लागला की उसातलं डुक्कर हत्तीएवढं वाटेल. घरात दहा मीटर जागा मिळाली तर पावसाळाभर सराव होतो, खानापूरला पावसाळ्यात दुसरं करायचं तरी काय असतं?
आमची अडचण वेगळीच आहे. सराव कोल्हापुरात, पण मुलगी कर्नाटकाची म्हणून स्पर्धेचे सगळे कागद बंगळूरच्या राज्य संघटनेकडून. तिथं फोन लावला की कानडी, इथं रेंजवर मराठी, स्कोअरशीट इंग्रजी. पोरगी तिन्हीत दहा म्हणायला शिकली.

सीमावासी_५६
म्हणूनच आम्ही म्हणतो की बेळगाव, कारवार, निपाणी…

संपादक_मंडळ
सीमावासी, त्यासाठी वेगळा धागा आहे, त्याला आठशे प्रतिसाद झालेत. इथं रायफल.

वकीलीणबाई
सीमेचा विषय निघालाच आहे तर कामाचं सांगते. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते कर्नाटकापुरतं असेल तर .२२ घेऊन कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला सरावाला जाणं हा शर्तभंग ठरतो. अर्जातच क्षेत्राचा विचार करा, नाहीतर क्लबची रायफल क्लबातच वापरा. एअर रायफलला हा त्रास नाही, तरी खरेदीची पावती आणि क्लबचं ओळखपत्र जवळ ठेवा. नाक्यावरच्या हवालदाराला ज्यूल समजावत बसावं लागत नाही.
दुसरं, खानापूरकरांसाठी महत्त्वाचं. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, वन्यजीव कायद्याचं कलम ३४. ज्यांच्याकडे आधीपासून हत्यार आहे त्यांनी नाव नोंदवायचं असतं. ऊसवाला, तुमचं गाव त्या दहा किलोमीटरात येतं का ते आधी बघा.

जांबोटी_घाट
म्हणजे जिथं डुकरं जास्त तिथंच बंदूक अवघड. झकास.

वकीलीणबाई
हो. तसंच आहे.

सुभेदार_निवृत्त
जांबोटीकर, राग समजतो. पण रायफल हे शेतात डुकरावर चालवायचं हत्यार नव्हे, परवानगी असली तरी. .३१५ ची गोळी नेम चुकला की उसाच्या पाल्यातून आरपार जाते आणि पुढं किलोमीटर-दोन किलोमीटर जीव घेण्याइतकी ताकद तिच्यात राहते. रात्री बॅटरीच्या उजेडात पलीकडच्या शिवारात कोण पाणी पाजतंय तुम्हाला दिसत नाही. साध्या .२२ च्या विदेशी डब्यावरसुद्धा दीड मैलापर्यंत धोका असा इशारा छापलेला असतो. बारा बोअरच्या (गुळगुळीत नळीच्या) बंदुकीचे छर्रे काहीशे यार्डांत थंड पडतात, म्हणून जुने लोक शेतात बारा बोअरच वापरायचे.
तारेत करंट सोडणं आणि पिठाच्या गोळ्यात बॉम्ब ठेवणं यावर मी बोलतच नाही. ते करणारे पहिल्यांदा आपलीच गुरं मारतात.

मळेकरी
आमच्याकडे करंट सोडल्यानं शेजाऱ्याची गाभण म्हैस गेली. केस अजून चालू आहे, दोघं भाऊबंद एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे करा, पंचनामा लगेच करून घ्या, फोटो काढा. पैसे थोडे मिळतात, मिळतात मात्र.

कणकुंबीचा_पाऊस
मूळ विषयाकडे. आमच्याकडे वडिलांची .३१५ आहे, लाकडी दस्ता. उन्हाळ्यात बरोबर मारायची, पावसाळा संपला की डावीकडं वर. साईट हलवली, परत पुढच्या उन्हाळ्यात उजवीकडं खाली. रायफल बिघडली म्हणून विकायला काढली होती. कुणाला असा अनुभव?

सुभेदार_निवृत्त
विकू नका. तुमच्या गावच्या पावसानं लाकूड फुगतंय, दुसरं काही नाही.
रायफल रिकामी असल्याची खात्री करा. बोल्ट बाहेर, मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) करंगळी घालून बघा. मग साध्या वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, नळी आणि दस्ता यांच्यामध्ये पुढून सरकवा आणि हळूहळू मागं ओढत न्या. कुठं अडकते तिथं पेन्सिलीनं खूण करा. उन्हाळ्यात एकदा, दिवाळीच्या आधी एकदा. दोन्ही खुणा वेगळ्या आल्या की चोर सापडला. गोळी सुटताना नळी थरथरते, ती एका बाजूला लाकडाला दाबली गेली की दुसऱ्या बाजूला ढकलली जाते.
आता लगेच सँडपेपर घेऊन बसू नका. या घडणीत काही ठिकाणी नळीला मुद्दाम टेकू दिलेला असतो. तो काढला तर होतं तेही जातं. आधी दस्त्याचे स्क्रू सारख्या ताणानं आवळा, ढिला स्क्रू हे निम्म्या तक्रारींचं कारण. मग लाकडाला आतून-बाहेरून अळशीच्या तेलाचे हात द्या, विशेषतः आतल्या कोऱ्या खाचेला, तिथूनच ओल शिरते. त्यानंतरही मार सरकला तर परवानाधारक कारागिराकडे न्या. गावच्या सुताराकडे नको.
आणि .२२ वाल्यांसाठी: रिकामा घोडा दाबून सराव करू नका. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर बसते. चेंबर रिकामं असलं की तीच पिन चेंबरची कड ठोकते आणि पुढं काडतूस नीट बसत नाही. बाकी रायफलींत हा सराव चालतो, .२२ मध्ये डमी काडतूस घाला.

कणकुंबीचा_पाऊस
_/\_ पेन्सिल घेऊन बसतो. विकायची जाहिरात काढतो.

सिडनीतला_शहापूरकर
सुभेदारसाहेब, हेच कारण आहे इकडं सगळे प्लॅस्टिकच्या दस्त्यावर गेले त्याचं. दिसायला भिकार, पण पाऊस कळत नाही त्याला. .२२ बद्दल अजून एक: ५० मीटरवर हाय व्हेलॉसिटी गोळी घेऊ नका. आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते, वाटेत त्याच्या खाली येते आणि तिथं डगमगते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी हळू असते पण सरळ जाते. टार्गेटवाले सगळे तीच वापरतात.

अनगोळ_एक्सप्रेस
कुणी निवडणुकीचं लिहिलं नाही अजून? लायसन्स घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस स्टेशनात जमा. लोकसभा, विधानसभा, मग पंचायत, मग महापालिका. आमची बारा बोअर घरात कमी आणि लॉकअपमध्ये जास्त असते. एकदा परत आणली तर नळीवर गंजाची साय. कुणी पुसलीच नव्हती. आता जमा करताना तेलात भिजवलेलं फडकं गुंडाळून देतो आणि पावतीवर नंबर दोनदा तपासतो.

कुंदाप्रेमी
आरोपीपेक्षा बंदुकीचे आत दिवस जास्त.

ऊसवाला_खानापूर
सगळ्यांचे आभार. धागा वाचून चुलत्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. सुभेदारसाहेबांच्या "डोळे मिटतो" वर ते हसले आणि म्हणाले, "हा माणूस खरा बोलतोय."
गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या बाहेर आहे की आत हे तलाठ्यालाही सांगता आलं नाही, वनखात्याकडे लेखी विचारतोय. डुकरांसाठी भरपाईचा अर्ज आणि सौरकुंपणाची चौकशी. निशाणेबाजीसाठी आधी एअर रायफल, वर्षभर टिकलो तर क्लबची मेंबरशिप आणि .२२. एकच शंका राहते: .३१५ वारसानं नावावर घेतली तर पुढं .२२ मिळेल ना?

वकीलीणबाई
मिळू शकेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीन ऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. .३१५ एक, .२२ दोन, म्हणजे कोटा संपल्यासारखा; मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या .२२ साठी या मर्यादेतून सूट आहे, ती तुम्हाला लागू होते का ते बघा. तेव्हा दुसऱ्या जागेसाठी .२२ कोणती हे घाईनं ठरवू नका. परवान्याची मुदतही तीनवरून पाच वर्षं झाली आहे, नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र अर्जाआधीच करून घ्या.

टिळकवाडीकर
आणि दुसऱ्या जागेत ऑर्डनन्सची .२२ बसवायची की जुनी ब्रनो, यासाठी एकदा या बेळगावला. दोन्ही बघू, मग ठरवा. ऑर्डनन्सचीचा घोडा जरा कडक असतो, पण नळी कोरी मिळते आणि मागच्या मालकानं काय केलं याची काळजी नाही. मी तुमच्या जागी असतो तर तीच घेतली असती आणि उरलेले पैसे गोळ्यांत घातले असते.

ऊसवाला_खानापूर
येतो. चुलते नावावर करून द्यायला तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे. रायफल माझ्या नावावर, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.

वकीलीणबाई
चालणार नाही. ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच ताब्यात हत्यार. त्यांना समजावून सांगा.

ऊसवाला_खानापूर
ताई, नंबर पाठवतो. तुम्हीच सांगा.